दडे

सर्दीने कान बंद झाले की मराठी माणूस ‘कानाला दडे बसले’ असे म्हणतो. शब्द उच्चारताच कोणीतरी बाहेरून कानाच्या छिद्रात बोळा कोंबून ठेवल्याचे चित्र उभे राहते, आणि माणसाचा हात त्या चित्रावर विश्वास ठेवून वागू लागतो. करंगळी कानात जाते. ती पुरत नाही म्हणून किल्ली जाते. पूर्वी हेअरपिन जात असे, आता टोकाला कापूस गुंडाळलेली काडी जाते. हाती काहीच लागत नाही, कारण लागण्यासारखे तेथे काही नसते. पुष्कळदा कानाचे छिद्र पडद्यापर्यंत स्वच्छ आणि मोकळे असते. बिघाड असतो तो पडद्याच्या पलीकडे, आणि तेथे निदान सुरुवातीला तरी काही वाढलेले नसून काही कमी झालेले असते. ती कमी झालेली वस्तू म्हणजे हवा.

यात भाषेला दोष देण्याचे कारण नाही. कानाविषयी मराठीत जेवढे वाक्प्रचार आहेत, त्यांतले बहुतेक कानाच्या पुढच्या दाराशी उभे आहेत. कान भरणारा, कान फुंकणारा, कानाशी लागणारा, कानीकपाळी ओरडणारा, सारे बाहेरून येतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची सोय आहे तीही बाहेरच्या बाहेर. कानाला आतून, घशाच्या अंगाला, एक मागचे दार आहे याची दखल लोकभाषेने घेतलेली दिसत नाही. जुन्या वैद्यकाने मात्र ती घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांतल्या प्रतीनाह नावाच्या रोगात कानातला मळ पातळ होऊन नाकातोंडात उतरतो आणि डोके दुखू लागते, असे वर्णन आहे. मळाची ही कल्पना आजच्या शरीरशास्त्रात बसत नाही. पण कानापासून नाकातोंडापर्यंत वाट आहे ही गोष्ट त्या वर्णनात गृहीत धरलेली आहे, आणि ती खरी आहे.

ही वाट आपल्यालाही आहे हे पन्नाशी उलटेपर्यंत ज्याला कधी जाणवले नव्हते असा एक प्राध्यापक पौषातल्या एका सकाळी बेळगावहून सावंतवाडीच्या एस. टी.त बसला. संक्रांत झाली की धाकट्या भावाकडे राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला भेटायला जायचे हा त्याचा शिरस्ता. तीन दिवसांची सर्दी अंगावर होती; पण सर्दीसाठी शिरस्ता मोडावा असे कोणाच्याच मनात येत नाही. चंदगड तालुक्यातल्या काजूच्या बागा मागे पडल्या, आंबोली आली, आणि गाडी घाटात उतरू लागली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्याचा डावा कान कोणीतरी तळव्याने झाकावा तसा झाकला गेला. इंजिनाचा घरघराट एकाएकी लांब गेला, जणू ती गाडी पुढे निघून गेली होती आणि तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीत मागे राहिला होता. जवळ आला तो त्याचा स्वतःचा श्वास. दातावर दात टेकले तरी त्याचा आवाज डोक्याच्या आत होऊ लागला. शेजारच्या म्हातारीने त्याची चुळबुळ पाहून कमरेची पिशवी सोडली आणि एक लिमलेटची गोळी त्याच्या हातावर ठेवली. घाटाच्या वाटेवर राहणाऱ्यांना हा उपाय सांगावा लागत नाही.

तिची गोळी शास्त्राला धरून होती. कानाच्या पडद्यामागे एक चिमुकली खोली आहे. तिच्यात हवा असते, आणि तिच्यापासून नाकाच्या मागच्या बाजूला सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नळी उतरते. ही नळी एरवी मिटलेली असते. माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो, तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात, थोडी हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. दिवसभरात हे शेकडो वेळा घडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सर्दीत नळीचे अस्तर सुजते, दार उघडेनासे होते. आतली हवा तेथील त्वचा हळूहळू शोषून घेत असते. नवी येत नाही. खोली रिकामी पडू लागते आणि पडदा आत ओढला जातो. ताणलेला पडदा नीट थरथरत नाही. दडे म्हणतात ते हेच. पुढे त्या रिकाम्या जागेत पाझरलेले पाणीही साठते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, म्हणून प्रत्येक सर्दीत मध्यरात्री कान धरून रडणारे एखादे मूल घरोघरी असते.

घाट उतरताना हे सारे घाईने घडते. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत अर्धा किलोमीटर उतरावे तो बाहेरच्या हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी वाढतो. चढताना तितका त्रास होत नाही. तेव्हा आतली हवा फुगते आणि मिटलेले दार स्वतःच ढकलून बाहेर पडते. उतरताना बाहेरच्या हवेला आत यायचे असते, आणि ते दार बाहेरच्याला ढकलून उघडत नाही. उलट दाबाने अधिकच मिटते. एका मर्यादेपलीकडे गिळूनही ते उघडत नाही. म्हणून गोळी चघळायची ती उतार सुरू होण्याआधी. म्हातारीची गोळी तीन वळणे उशिरा आली होती.

तरीही चढताना कान दुखतच नाही असे नाही, आणि त्याचा पुरावा फार जुना आहे. पॅरिसमध्ये १ डिसेंबर १७८३ रोजी जाक शार्ल हा पदार्थवैज्ञानिक हायड्रोजन भरलेल्या फुग्यातून सोबत्याबरोबर आकाशात गेला, दोन तासांनी खाली उतरला, आणि सोबत्याला जमिनीवर ठेवून पुन्हा एकटाच वर गेला. हलका झालेला फुगा झपाट्याने सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत चढला. मावळून गेलेला सूर्य शार्लला त्या उंचीवरून पुन्हा दिसला. एका दिवसात दोन सूर्यास्त पाहणारा तो पहिलाच माणूस असावा. त्याच वेळी त्याच्या उजव्या कानात विलक्षण कळ उठली. तो खाली आला आणि पुढे आयुष्यात कधीही फुग्यात बसला नाही. विज्ञानाच्या इतिहासात दोन सूर्यास्तांची गोष्ट सांगितली जाते. कानाची सहसा सांगितली जात नाही.

कानाच्या मागच्या दाराशी झटापट करणाऱ्या माणसांची मालिका मोठी आहे. नळीचे सविस्तर वर्णन सोळाव्या शतकात इटलीतल्या युस्टाकी या शरीरशास्त्रज्ञाने केले आणि तिला त्याचेच नाव पडले. नाक-तोंड दाबून आत फुंकर मारण्याची जी युक्ती आज विमानातले प्रवासी करतात, ती वाल्साल्व्हाने १७०४ च्या आपल्या ग्रंथात सांगितली, पण कानातला पू बाहेर काढण्यासाठी. व्हर्सायच्या गियो नावाच्या एका टपाल-अधिकाऱ्याने स्वतःच्या बहिरेपणाला कंटाळून तोंडातून वाकडी धातूची नळी घालून ते दार स्वतःच धुतले आणि १७२४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती नळी मांडली. वैद्य नसलेल्या माणसाचे ते धाडस होते. आणि लंडनचा जोझेफ टॉयनबी. दार एरवी मिटलेले असते आणि गिळताना उघडते हे ठासून सांगणारा, नाक दाबून गिळण्याची सौम्य युक्ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो हा कर्णवैद्य. कर्णनादावर उपाय शोधताना १८६६ च्या जुलैत त्याने क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाची वाफ स्वतःवरच वापरून पाहिली आणि आपल्या कोचावर तो मृत सापडला. दुसऱ्यांच्या कानांतली कुरकुर थांबवण्यासाठी एवढी किंमत मोजलेला दुसरा वैद्य आठवत नाही.

सावंतवाडीला मोती तलावाच्या कडेने रिक्षा गेली तेव्हाही कान उघडला नव्हता. घरी पोचल्यावर वहिनींनी लगेच खोबरेल तेलात लसणीच्या दोन पाकळ्या टाकून वाटी चुलीवर ठेवली. कोकणातल्या घरात कानाची तक्रार आणि तेलाची वाटी यांच्यामध्ये विचाराला जागा नसते. वास्तविक या दुखण्यात तेल पडद्याशी येऊन थांबते. दुखणे पडद्यामागे असते. आणि पडद्याला भोक असेल तर तेलाने अपायच व्हायचा. पण वाटी परतवली ती या विचाराने नव्हे. ती आईने परतवली. खाटेवरून उठून तिने वहिनींच्या हातातली वाटी काढून घेतली, ओट्यावर ठेवली आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, “त्याल नको. आधी डाक्टराक दाखव.”

तिच्या या बोलण्याला पस्तीस वर्षांचा आधार होता. ती पन्नाशीच्या आत असताना एका आषाढात तिला अशीच सर्दी झाली होती, आणि एका सकाळी उठली तो उजवा कान बंद. त्यात रातकिडा ओरडत होता. दोन दिवस भोवळही आली. सर्वांनी एकमुखाने सांगितले, दडे बसले. तेल घातले गेले, ओव्याच्या पुरचुंडीने कान शेकला गेला, वेखंड उगाळून लावले गेले. दिवस लावणीचे होते. त्यानंतर श्रावण, त्यानंतर गणपती. गणपती झाल्यावर पाहू, असे ठरले. कोकणात त्या दिवसांत पुष्कळ गोष्टी गणपतीनंतर व्हायच्या असतात. दोन महिन्यांनी बेळगावला एका डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांनी सांगितले की, कानात काहीही अडकलेले नाही, पडदाही चांगला आहे; आतली ऐकण्याची शक्तीच गेलेली आहे, आणि आता उशीर झाला आहे.

सर्दीचे दडे आणि हा आतला आघात यांची सुरुवात एकसारखी असते. कान भरल्यासारखा वाटतो, आवाज लांब जातो. एकात दार मिटलेले असते. दुसऱ्यात घरातला दिवा विझलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या काही दिवसांत औषध मिळाले तर ऐकणे परत येण्याची आशा अधिक असते. काहींचे आपणहूनही परत येते, काहींचे कशानेही येत नाही. तेव्हा वेळेवर नेले असते तर तिचा कान वाचलाच असता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण दोन्ही दुखण्यांना भाषेने एकच शब्द दिला होता आणि त्या शब्दात घाई नव्हती.

दोहोंतला फरक ओळखायला जे साधन लागते ते खिशात मावते. नादकाटा मूळ वैद्यांचा नव्हे. जॉन शोर नावाच्या इंग्रज तुतारीवादकाने १७११ साली तो वाद्ये जुळवण्यासाठी बनवला. पुढे १८३४ साली लाइपझिगच्या एर्न्स्ट हाइनरिख वेबरने थरथरता काटा डोक्याच्या मध्यावर टेकवून आवाज कोणत्या कानात ऐकू येतो ते पाहावे, असे दाखवले. कानाचे दार बंद असेल तर आवाज त्याच बंद कानात मोठ्याने वाजतो. हाडातून गेलेला नाद आत पोचतो, आणि बाहेरचा गलबला तेथे शिरत नसल्यामुळे तो एकटाच घुमतो. आतली शक्तीच गेलेली असेल तर आवाज चांगल्या कानाकडे निघून जातो. सामान्य समजुतीच्या अगदी उलट असा हा नियम आहे. बंद कानात ऐकू आले तर काळजी नाही. उघड्या कानात ऐकू आले तर मात्र आहे.

प्राध्यापकाला हा नियम तेव्हा माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी काटा कोपरावर आपटून त्याच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि विचारले, “कुठल्या कानात?” तो घुटमळला. आवाज डाव्या कानात होता, ज्या कानात कालपासून वहिनींचा शब्दही शिरला नव्हता. आपले काहीतरी चुकत असावे असे त्याला वाटले, म्हणून त्याने पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा डावीकडेच. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. त्यांनी दिलेली औषधे थोडी होती आणि सूचना अधिक. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी, तीही हळू. जोराने शिंकरलात तर नाकातली घाण वर चढेल. नाकात घालायचे थेंब चार-पाच दिवसांवर वापरू नका, नाहीतर नाक त्यांचीच वाट पाहत बंद राहते. नाक दाबून जोर लावू नका. गिळा, जांभया द्या, वाट पाहा. दोन-तीन आठवड्यांत उघडला नाही तर परत या.

वाट पाहण्यासाठी त्याने रजा वाढवली, आणि त्या आठवड्यात त्या घरात दोन बहिरी माणसे एकमेकांसमोर बसून राहिली. त्यांचे बहिरेपण दोन तऱ्हांचे होते. ज्याचे दार बंद आहे त्याला स्वतःचा आवाज डोक्यात घुमून मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. जिची आतली शक्ती गेली आहे तिला स्वतःचा आवाजच पुरेसा ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्याने बोलते. आईचा उजवा कान गेलेला, डावा वयाने मंदावलेला. श्रवणयंत्र आणले होते, पण त्यात भांड्यांचा खणखणाट आधी आणि माणसांचे बोलणे मागून येते म्हणून ते कपाटात होते. मुलगा पुटपुटे आणि आई विचारी, “काय म्हटलंस?” तो पुन्हा पुटपुटे. उलट तिचे ओरडणे, ज्याने एरवी शेजारीही दचकत, त्याला त्या दिवसांत अगदी बेताचे, माणसाने बोलावे तसे वाटत होते. दूरदर्शन संचाच्या आवाजाबाबत दोघांचे प्रथमच एकमत झाले. वहिनी कामाचे निमित्त काढून मागच्या पडवीत जाऊन बसू लागल्या.

एका रात्री जेवताना पुतणी काहीतरी सांगत होती. सगळे हसले. त्याने विचारले, “काय?” तिने पुन्हा सांगितले, पंख्याचा आवाज होता, त्याला अर्धेच लागले. त्याने पुन्हा विचारले. ती म्हणाली, “काही नाही, काका.” तिच्या स्वरात उपेक्षा नव्हती, विनोद तिसऱ्यांदा सांगण्याइतका तो उरला नव्हता, इतकेच. हे दोन शब्द त्या घरात रोज कित्येकदा उच्चारले जात आणि ते नेहमी एकाच दिशेने, खाटेकडे, जात. पस्तीस वर्षांचा हिशेब केला तर किती विनोद, किती बातम्या, कोणाच्या लग्नाच्या आणि कोणाच्या आजाराच्या किती गोष्टी ‘काही नाही’ या नावाखाली जमा झाल्या असतील, याची मोजदाद होणे शक्य नाही. आई समोरच बसली होती. नातवंडे हसली की तीही हसे, अर्धा क्षण उशिरा. तिने कोणाचेही ओठ न पाहता भाताची मूद मोडली आणि त्याच्या पानात वाढली.

आठव्या दिवशी सकाळी घावन खाताना त्याच्या डाव्या कानात बुडबुडा फुटावा तसा बारीक ‘टक्’ असा आवाज झाला. आणखी एक घास, आणखी एक ‘टक्’. मग मोरीतला नळ, मागच्या अंगणात पडलेली झावळी ओढल्याची खसखस, तव्यावर पिठाचा चर्र, असे सारे एकदम आत आले. थोडे अधिकच धारदार, धुतलेल्या काचेसारखे. आईने काहीतरी विचारले आणि तो दचकला. इतक्या मोठ्याने ती बोलते हे तो आठवडाभर विसरला होता. उत्तर देताना त्याला आपला आवाज मुद्दाम चढवावा लागला, आणि तो किती चढवायचा हे आता बाहेरून ऐकून ठरवता येत होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला जाताना त्याने आईलाही बरोबर घेतले. तिचे काही दुखत नव्हते. तिला तो काटा पाहायचा होता. पस्तीस वर्षांपूर्वी बेळगावच्या डॉक्टरांनी तो लावला होता, पण तेव्हा ती घाबरलेली होती आणि काय विचारतात तेही तिला कळले नव्हते. डॉक्टरांनी मुलाचा कान पाहून मान हलवली आणि मग काटा आपटून तिच्या कपाळावर टेकवला. तिने विचार न करता डाव्या कानाकडे बोट केले. मग त्यांनी तो तिच्या उजव्या कानामागच्या हाडावर, गेलेल्या कानाच्या अगदी पाठीशी, ठेवला. तिने पुन्हा डावीकडेच बोट दाखवले. नाद उजवीकडून शिरून, हाडाहाडांतून सारे डोके ओलांडून, जेथे अजून कोणी ऐकणारे होते तेथे जाऊन वाजत होता. ती हसू लागली.

“ठेवलात हंयसर आणि वाजता थंयसर,” ती खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “परत एकदा लावा बघया.”

बाहेर बाकावर रुग्ण खोळंबले होते. डॉक्टरांनी काटा पुन्हा कोपरावर आपटला.